ढब्बू कुणावर भुंकत होता

केक पडला तेव्हा मला रडू आलं होतं. राग त्यानंतर आला.

पंचवीस माणसांचा दोन मजली केक दोन्ही हातांत धरून मी त्या दारात उभी होते. घंटा वाजवायच्या आधीच दार उघडलं, कारण घरातले एक काका केक कुठे अडकला ते बघायला खाली निघाले होते. त्यांच्या पायांमधून एक तपकिरी, गुबगुबीत कुत्रा सुटला तो थेट माझ्यावर! पुढचं सांगत नाही. माझ्या भुवईवरसुद्धा क्रीम होतं.

"ढब्बू! अरे ढब्बू!" एक उंच माणूस धावत आला. "सॉरी हं... लागलं का तुम्हाला?"

त्याच्या मागून त्याची आत्या. "सांगितलं होतं ना, याला बाथरूममध्ये कोंड म्हणून! दर सुट्टीला सगळे जमले की याचं हेच. पुढच्या महिन्यात परत जमायचंय, त्याआधी याची कुठेतरी सोय लाव. नाहीतर मी लावते."

मी ढब्बूकडे पाहिलं. शेपूट पोटाखाली, अंगाला कापरं. आत टीव्ही मोठ्याने चालू, एक पोरगी पिपाणी फुंकतेय, दुसरी तिच्यावर ओरडतेय. आणि माझं डोकं फिरलं.

"याला कोपरा कुठे दिलाय?"

"काय?"

"कोपरा! एवढ्या गोंगाटात त्याने टेकायचं कुठे? तुम्हाला असं ठेवलं तर तुम्ही काय गाणं म्हणाल?"

खिशातून रुमाल काढून त्याने पुढे केला. "भुवईला... क्रीम लागलंय."

"विषय बदलू नका!"

दोन दिवसांनी तो ढब्बूला घेऊन माझ्या केकच्या दुकानात हजर. "मला शिकवाल? म्हणजे ढब्बूला... गर्दीत शांत बसायला."

"तुम्ही करता काय?"

"दातांचा डॉक्टर आहे."

"आणि केकच्या दुकानात आलात?"

"तुमच्यासारख्यांच्या जिवावर तर माझं चाललंय," तो म्हणाला. इतक्या गंभीरपणे की हसू आवरायला मला ओव्हनकडे तोंड फिरवावं लागलं.

आमच्या घरी लहानपणापासून कुत्री. त्यांना कसं वळण लावायचं ते बाबांनी मला शिकवलं होतं. मी रोज दुपारी दुकान दोन तास बंद ठेवून त्याच्या घरी जाऊ लागले. खिडकीजवळच्या कोपऱ्यात जुनी चादर टाकली. ढब्बू तिच्यावर बसला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. घंटा वाजली तरी बसून राहिला की दोन तुकडे. मग फोनवर गर्दीचा आवाज लावायचा, आधी हळू, मग मोठा. ढब्बू भराभर शिकत होता. डॉक्टर मात्र...

"न बसताच दिलंत ना अंडं?"

"त्याने बघितलं हो माझ्याकडे..."

"तुम्ही शिकवताय की तो तुम्हाला शिकवतोय?"

"मी शिकतोय," तो म्हणाला. आणि बघत होता माझ्याकडे. मला उगाचच राग आला.

तिसऱ्या आठवड्यात मी धाकट्या बहिणीला तिच्या पाच मैत्रिणींसह पाहुण्या म्हणून तिथे बोलावलं. त्या आल्या, खिदळल्या, खुर्च्या सरकवल्या. ढब्बू ढिम्म! मी खूश झाले. पण बहीण निघायला उठली आणि ढब्बू चादरीवरून उडाला. दार अडवून जिवाच्या आकांताने भुंकायला लागला.

मी खाली बसून त्याच्याकडे पाहत राहिले. येणाऱ्यांचं त्याला काहीच नव्हतं. कुणी जायला निघालं, की तो वेडापिसा व्हायचा. केकच्या दिवशीही काका बाहेर पडत होते.

"हा आधी कुणाचा होता?" मी विचारलं.

डॉक्टर ढब्बूशेजारी खाली बसला. "आजोबांचा. ते गेले तेव्हा घर असंच भरलं होतं. ढब्बूला बाल्कनीत कोंडलेलं. काचेतून त्याने पाहिलं... सगळे आले, आणि आजोबांना घेऊन गेले."

"आणि हे मला आज सांगताय?"

"तो का भुंकतो ते मलाच आज कळलं हो," तो म्हणाला. एवढा आलेला राग आता कुणावर काढायचा ते मला समजेना.

त्यानंतर आम्ही फक्त जायची तालीम केली. दाराबाहेर जायचं, अर्ध्या मिनिटाने परत यायचं. मग एक मिनिट. मग दहा. तरी शेवटच्या आठवड्यात शनिवारी आणि सोमवारी ढब्बू उठून दाराशी धावलाच. गेलेलं माणूस परत येतं, एवढंच त्याला पटवायचं होतं.

सुट्टीच्या दुपारी घर पुन्हा भरलं. अकरा वेळा घंटा वाजली. ढब्बूने कान टवकारले, जागा सोडली नाही. मग काका निघाले. ढब्बू उठून उभा राहिला... दाराकडे पाहिलं, डॉक्टरकडे पाहिलं... आणि पंजांवर हनुवटी टेकून परत आडवा झाला.

"शहाणा झाला हं," आत्या म्हणाल्या. "पण मी एका शेतावरच्या माणसाला शब्द देऊन बसलेय. उद्या येईल न्यायला."

"उद्या?" माझा आवाज सगळ्या खोलीभर गेला. "तुमच्या वडिलांना डोळ्यांदेखत नेलं म्हणून तो दार अडवत होता! तुम्ही त्याला बाल्कनीत कोंडलं, बाथरूममध्ये कोंडलं, आणि आता घराबाहेर काढताय? त्याने एवढं शिकून घेतलं, तुम्ही काय शिकलात?"

पिपाणीसुद्धा थांबली. आत्यांचा चेहरा पडला. त्या सावकाश उठल्या, चादरीशी जाऊन बसल्या आणि त्यांनी ढब्बूच्या डोक्यावर हात ठेवला. "बाबांना शोधतोस होय रे?" मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "त्या माणसाला नाही म्हणून कळवते मी."

मी चपला घालून जिना उतरायला लागले. परक्या घरात येऊन मोठ्या माणसाला बोलले होते.

"चाललात?" डॉक्टर मागून आला. "एक सांगायचं होतं. ढब्बू मागच्या बुधवारीच सगळं शिकला होता. शनिवारी तो उठला ना... मी त्याला उठायची खूण केली होती. पुन्हा सोमवारीही."

"काय?"

"शिकवणी संपली असती..."

"मी दुकान बंद ठेवून येत होते! माझंच काहीतरी चुकतंय म्हणून स्वतःला बोल लावत होते! तू मला आधी का नाही सांगितलंस?"

तू. दोघांनीही ऐकलं. माझे कान तापले.

"काय सांगायला हवं होतं?" त्याने हळूच विचारलं.

"हेच, की मी तुला आवडते म्हणून!"

"आवडतेस. खूप."

"मग तसं सरळ म्हणायचं! बिचाऱ्या मुक्या जनावराला कशाला उठवायचं?"

त्याने माझा हात हातात घेतला. माझा राग अजून उतरला नव्हता, पण हात मी काढून घेतला नाही.

"मी अजून भांडणार आहे," मी म्हणाले.

"वर चल ना. बसून भांड."