सुया कधी गळतात

शरयू टिपणीस पहिल्यापासून बोलकी. आणि मंगळाच्या उत्तर टोकावरच्या घुमटात पाइनची झाडं सांभाळायला नेमकी तिचीच नेमणूक व्हावी, याला काय म्हणायचं! घुमटाबाहेर तांबडी धूळ, आत तिनं बियांपासून वाढवलेली झाडं, आणि माणूस म्हणाल तर ती एकटी. मुख्य वसाहतीतून हरिहर प्रभुणे रोज ध्वनियंत्रावर बोलायचा. कॉलेजपासूनचा मित्र. तेवढीच काय ती सोबत.

त्या दिवशी ती हरखून गेली होती. "हरी, शेजारच्या दरीत नत्राचे क्षार सापडलेत. सगळ्या वसाहतीला पुरून उरतील एवढे. आता तरी येशील ना?"

तो काही बोलायच्या आत ती पुढं सांगू लागली.

"सकाळीच वाटपयंत्राला कळवून टाकलं."

"आधी मला का नाही सांगितलंस, शरयू?" त्याचा आवाज पडला होता.

हवा, पाणी, इंधन कुठं किती द्यायचं, हे वाटपयंत्र ठरवायचं. त्याचे नियम या दोघांनीच लिहिलेले. वनस्पतिशास्त्राची माणसं ती. त्यांनी सरळ पाइनचं झाडच नमुना म्हणून समोर ठेवलं, आणि वर त्याची फुशारकीही मारली.

"पाइन सुया कधी गाळतो?" हरिहरनं विचारलं.

"परीक्षा घेतोस की काय माझी?" ती हसली. "नापीक जमिनीत नत्राची ददात. नवी सुई घडवणं परवडत नाही, म्हणून जुनीच वर्षानुवर्षं जपतो. तीही बिचारी थोडं थोडं अन्न करत राहते. पण जमीन सकस असली की..."

"बोल."

"नव्या सुया भराभर फुटतात. मग जुनीतलं नत्र परत ओढून घेतो, आणि तिला गाळतो."

"यंत्राच्या लेखी सगळ्यात जुनी सुई म्हणजे तुझा घुमट. आणि क्षार खणायला माणूस लागत नाही."

शरयू तिथंच झाडाखाली बसली. "पण वसाहतीत तर आधीपासून टंचाई आहे. इंधन नाही म्हणून येता येत नाही, असं तूच म्हणायचास."

"टंचाई कधीच संपली. इथं पीक भरघोस येतंय, मी यंत्राला निम्मंच दाखवत आलो. खरं कळवलं असतं, तर त्यानं तुझ्या घुमटातली हवा आणि पाणी काढून नेलं असतं. झाडं उभ्या उभ्या मेली असती. आणि टंचाई दाखवायची म्हटल्यावर प्रवासाला इंधन कोणत्या तोंडानं मागणार?"

"मला सांगायचंस तरी!"

"आपलं बोलणं यंत्र ऐकतं. आता लपवायला काय उरलंय?"

इतकी वर्षं ती मनातल्या मनात त्याच्यावर रुसून होती. माणसाचं तोंड दिसावं म्हणून रात्र रात्र तळमळली होती, आणि तो तिकडे तिच्यासाठीच खोटं बोलत बसला होता.

"मी नोंद मागे घेते," ती म्हणाली.

"क्षारांचे नमुने तपासून झालेत. घुमट रिकामा करायला येणाऱ्या गाडीला इंधनही मंजूर झालं. आपणच लिहिलाय नियम, त्यात पळवाट कुठून येणार?"

"गाडीतून कोण येतंय?"

"मी. परतीला दोघांपुरती जागा आहे."

शरयूनं वर पाहिलं. फांद्यांच्या टोकांना कोवळ्या, पोपटी सुया फुटत होत्या. तिनं हात लांबवून एका फांदीला धरलं.

"उद्या निघतो मी," हरिहर म्हणाला.

"रस्ता खराब आहे, हरी," ती म्हणाली. "सावकाश ये."