बुडबुड्यांची लॉरी

"संध्याकाळच्या आत चोर सापडला पाहिजे," लालसाबचाचांनी सबिहाच्या टेबलावर वीतभर लांबीची लॉरी आदळली. "सापडला की त्याला टाकीतच कोंबतो!"

लॉरी रेझिनची, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या रसाची होती. साच्यात ओतून केलेली, पण चाकांत नुसते बुडबुडे. सबिहाचा तपासकामातला मदतनीस म्हणून जोतिरामने लग्नाच्या स्थळांच्या गुप्त चौकशा ढिगाने पाहिल्या होत्या. बुडबुड्यांची फिर्याद पहिलीच.

चाचा आणि निंगप्पा यांनी उभी हयात एकाच लॉरीवर काढली होती. आता निंगप्पा रात्रीच्या गाडीने कायमचा लेकीकडे, बेळगावला निघाला होता. ही लॉरी त्याला द्यायची होती, आणि निंगप्पाला याचा पत्ताही नव्हता. रेझिन उरलं होतं आणखी एकाच लॉरीपुरतं, आणि ते घट्ट व्हायला चार तास तरी लागत.

तिघं चाचांच्या शेडमध्ये गेले. यंत्र घरीच जुळवलेलं होतं: रंगाऱ्याची जुनी टाकी आणि पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसरला झेंडूचा हार, हळदकुंकू.

"भरलेला साचा टाकीत ठेवायचा, हवा दाबायची. बुडबुडे मरत्यात," चाचा म्हणाले. "काल दुपारी ओतलं, आज सकाळी उघडलं, तर हे!"

"हवा गळली असेल," जोतिराम म्हणाला.

"दाबाचा काटा जागचा हलला न्हाय."

सबिहाने कालच्या कपात उरून घट्ट झालेलं रेझिन उजेडात धरलं. काचेसारखं नितळ.

जोतिरामचा संशय चाचांच्या मुलावर, तौहीदवर गेला. त्याला शेड भाड्याने द्यायची होती ना!

"मी परवापासून केम गावाला होतो, आत्ता एसटीतून उतरलो," तौहीद हसला. "आणि हे यंत्र बिघडलं तर अब्बाच बिघडतील की."

तेवढ्यात निंगप्पा चहा घेऊन आला.

"काका, काल शेडमध्ये आला होता?" सबिहाने विचारलं.

"व्हय, सकाळी. खांडेनवमी की! ह्येची हत्यारं दरसाल मीच पुजतो. ह्येला कुटं कदर हाय?"

सबिहाने लॉरीच्या चाकात सुई घातली. टोकावर पिवळा कण आला. तिने तो हुंगला.

"हळद," ती म्हणाली. "कपातलं रेझिन नितळ, म्हणजे माल चांगला. काटा हलला नाही, म्हणजे टाकी चांगली. बुडबुडे फक्त चाकांत, म्हणजे साच्याच्या खोल खाचांत, जिथे पाणी साचून राहतं. या रेझिनला पाण्याचा थेंब लागला की ते फसफसतं. काका, पूजेआधी तुम्ही हत्यारांवर पाणी शिंपडता. यंदा साच्यावरही शिंपडलंत?"

निंगप्पाने चहाचा कप खाली ठेवला. "साचा बी हत्यारच की. वाटलं, गिऱ्हाइकाचं काम हाय, यश यावं."

"गिऱ्हाईक तूच हायस, निंग्या," चाचा म्हणाले.

निंगप्पाने लॉरीकडे पाहिलं. नंबर दोघांच्या जुन्या लॉरीचाच होता. त्याने त्यावरून अंगठा फिरवला.

"चोर सापडला. कोंबायचा का टाकीत?" सबिहाने विचारलं.

चाचांनी नाक पुसलं आणि साचा उन्हात नेऊन ठेवला. तो खडखडीत वाळल्यावर रेझिन ओतलं आणि टाकीचं झाकण आवळून निंगप्पापुढे हळदीची पुडी धरली.

"पूज. पण झाकणावर, वरून."

रात्री निंगप्पा नितळ लॉरी पोटाशी धरून गाडीत चढला. गाडी हलली तसं त्याने खिडकीतून ओरडून विचारलं, "ती बुडबुड्यांची फेकलीस का?"

"येडा हायस का?" चाचांनी शर्टाच्या आत लपवलेली लॉरी बाहेर काढून त्याला दाखवली. "तुझी पूजा हाय हिच्यात."