हिरव्या नावेचं पोट

"मावशी, जोर लगाओ!" उर्वी काठावरून ओरडली.

कोहक्याच्या तळ्यावर दिवाळीच्या सुट्टीत दोन नावा चालत. निळी भूषणची, हिरवी सुनितामावशीची. मावशी जीव तोडून वल्हं मारत होती, तरी हिरवी पार मागं!

मालक हरिभाऊ काठावर वाटच पाहत होते. "सुनिता, तुह्याच्यानं आता होत नाही. उद्यापासून दुसरा माणूस लावतो."

मावशी नावेतून उतरली. उर्वीला हे पटेना. रंग द्यायला नेली तोवर तर हिरवीच पुढं असायची! म्हणजे... रंगून आली, अन् मागं पडली?

"सिद्धांत, काहीतरी गडबड आहे!"

"गडबड तुह्या डोक्यात!" मावसभाऊ हसला. पण त्याच्याच आईचं काम जाणार होतं. त्यानं पाण्यात उतरून नावेखाली हात घातला. "अबे! वरून चकाचक, अन् खालून काचपेपर!"

बोटांना काळी कचकच लागली.

"भूषणदादा, रंग कुठं वाळवला?"

"तिकडं हथखोज गावाले, मालकाच्या भावाच्या वर्कशॉपसमोर. नाव उलटी ठेवली होती. दिवसभर ग्राइंडर चालू."

ओला रंग. लोखंडाची धूळ. सापडलं!

पण हरिभाऊ ऐकतील तर ना! "नवा रंग हाय त्यावर! काहून डोकं खाता?"

उर्वीनं साळसूद चेहरा केला. "काका, तुमच्यात तर लई ताकद. तुम्ही हिरवी चालवा, मावशी निळी. होऊन जाऊ दे!"

"चाल!" हरिभाऊंनी बाह्या सरसावल्या.

वल्हं. पाणी. वल्हं. पाणी.

हरिभाऊ लालबुंद.

वल्हं...

मावशी कधीच काठाला पोचली होती!

"काका," सिद्धांत म्हणाला, "पाणी नावेच्या पोटाला चिकटते. पोट गुळगुळीत असलं तर बाकीचं पाणी सहज सरकून जाते. खरखरीत असलं तर धुळीचा एकेक कण पाणी ढवळते, मागं ओढते. तुम्ही नावेसंगं अर्धं तळं ओढून राहिले होते!"

धापा टाकत हरिभाऊंनी नावेखालून हात फिरवला. मग म्हणाले, "सुनिता, चूक माही. बोल तुले लावला. हिरवी तुहीच. मीच घासून देतो." अन् मुलांकडे वळले. "शाब्बास रे पोट्टेहो! मले बरं फसवलं!"

मावशीनं दोघांना जवळ ओढलं.

"बरं झालं नावेखाली पाहिलं बाप्पा," ती हळूच म्हणाली. "माह्या हातातला दम गेला, असं मलेच खरं वाटून राहिलं होतं."