सहा फ्लॉप्या आणि दीड सेकंद

फ्लॉपी १

नेत्राची बस चुकली, तिथून हे सगळं सुरू झालं.

साल दोन हजार तीन. धारवाडच्या स्टँडवरून घरची, केलगेरीची, पुढची बस पाऊण तासानं होती, छत्री जुन्या हुबळीत मामाच्या स्टुडिओत राहिली होती, आणि श्रावणातला धारवाडी पाऊस — पडतोय म्हणावा तर दिसत नाही, नाही म्हणावं तर केस ओले — तिला समोरच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये घेऊन गेला.

काउंटरमागे मालक स्वतःच होता. श्रीनिधी. त्यानं वर पाहिलं, वहीत तिचं नाव लिहिलं, आणि पुन्हा वर पाहिलं. नाव तर लिहून झालं होतं…

नेत्रा गुरुराजमामाकडे लग्नाच्या कॅसेटी एडिट करायची. अडलं की ती एका वेबसाइटवर जायची. जगभरचे एडिटर तिथं आपापली रडगाणी लिहीत आणि दुसरे कुणीतरी उपाय सांगत. कुठला आवाज कुठं फुकट मिळतो, कुठलं टूल कशाला चालतं, सगळ्याच्या याद्या. आज तिला हवं होतं ते सापडलं: घरघर काढून टाकणारं टूल. फुकट. पण आठ एमबी.

"सहा फ्लॉप्या लागतील," मागून श्रीनिधी म्हणाला. "आणि आमची लाइन अशी आहे बघा, संध्याकाळी एकच तुकडा उतरतो."

"म्हणजे सहा दिवस?"

"रविवार सोडून."

तिनं कपाळाला हात लावला. मग न विचारताच सांगून टाकलं. अळणावर गावच्या वेणूबाई. त्यांच्या नातीच्या लग्नात आजोबांनी, म्हणजे वेणूबाईंच्या यजमानांनी, बाळाचार्यांनी, मंगलाष्टकं म्हटली. वीज गेली म्हणून जनरेटर लावला, आणि मामानं कॅमेरा नेमका त्याच्याच शेजारी मांडला. चार महिन्यांनी आजोबा गेले. त्यांचा आवाज असलेली दुसरी वस्तू घरात नाही. आणि वेणूबाईंचे कान महिन्या-महिन्यानं मंद होत चाललेत.

"त्यांना ऐकू येतंय तोवर द्यायचंय," नेत्रा म्हणाली.

श्रीनिधीची नजर एकदा टेबलाखाली गेली. मग फ्लॉपीवर सुबक अक्षरात 'एक' लिहून त्यानं ती तिच्या हातात दिली.

फ्लॉपी २

दुसऱ्या फ्लॉपीत तुकड्याखेरीज आणखी एक छोटी फाइल निघाली. उघडली तर — मोर ओरडला. मामा दचकून दारात बघायला गेला.

"जागा उरली होती," संध्याकाळी श्रीनिधी म्हणाला. "त्या तुमच्या साइटवर फुकटचे आवाज होते. म्हटलं, रिकामी कशाला पाठवायची."

"लग्नात मोर कुठं लावू?"

"वधूमाय रुसली की लावा."

ती हसली नाही. बसमध्ये बसल्यावर मात्र हसली, एकटीच, नवलूरपर्यंत. आणि मग लक्षात आलं की ही बस घराकडे नाही, उलट हुबळीला चाललीय.

फ्लॉपी ३

टाळ्या. नुसत्या टाळ्या, बारा सेकंद.

"कशाबद्दल?" तिनं विचारलं.

"तीन दिवस न चुकता आलात त्याबद्दल."

"काम आहे म्हणून येते."

"मी कुठं म्हटलं बिनकामाच्या येता?"

असं बोलणं. पावणेसहाला घड्याळाकडे बघणं. जांभळी ओढणी परवाच घेऊन झाली होती हे आठवणं… नेत्राला स्वतःचाच थोडा राग यायला लागला होता.

फ्लॉपी ४ — वाचता येत नाही

चौथी खराब निघाली. ती घेऊन नेत्रा दुपारीच धारवाडला आली. या वेळेला ती कधी येत नसे. काउंटरशी कॉलेजचे एक प्राध्यापक उभे होते. श्रीनिधीनं टेबलाखालच्या डब्यावरचा रुमाल बाजूला केला, आतून चकचकीत सीडी काढली आणि म्हणाला, "घ्या सर, सगळा प्रबंध नेटवरून उतरला. दहा मिनिटांत."

प्राध्यापक गेले. रुमाल तसाच हातात राहिला.

"सीडी लिहिणारं हे यंत्र कधीपासून आहे?" नेत्रानं विचारलं.

"…संक्रांतीपासून."

"आणि लाइन?"

त्यानं रुमाल परत डब्यावर पसरला.

नेत्रानं आवाज चढवला नाही. तिनं फक्त सांगितलं की काल वेणूबाई स्टुडिओत आल्या होत्या. गेल्या महिन्यात एकदा सांगितलं की कळायचं. काल प्रत्येक गोष्ट तीनदा सांगावी लागली, कानाशी जाऊन.

"तुम्ही मला रोज बोलवलंत, त्याचं मला… जाऊ दे. पण ते दिवस माझे नव्हते. त्यांचे होते."

फ्लॉपी काउंटरवर ठेवून ती गेली. यावेळी पावसातच.

फ्लॉपी ५

नाही.

फ्लॉपी ६

हीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जुन्या हुबळीतल्या बोळात, स्टुडिओच्या पायरीवर, सेंटरला कुलूप लावून आलेला श्रीनिधी उभा होता. हातात एक सीडी.

"पूर्ण आहे," तो म्हणाला. "मोर नाही घातला."

गुरुराजमामानं दोघांकडे पाहिलं, काय समजायचं ते समजला आणि चहा सांगायला बाहेर गेला.

टूल चाललं. पण त्याची एक अट होती. घरघर ओळखायला त्याला निदान दीड सेकंद निव्वळ घरघर हवी होती. त्यात कुणाचाही शब्द नको, भांडं नको, बांगडी नको.

हुबळीच्या लग्नात दीड सेकंद कधी कुणी गप्प बसलंय?

दोघं शेजारी बसून कॅसेट बघत राहिले, एकाच हेडफोनची एकेक बाजू कानाला लावून. मुहूर्ताआधी कुणी तरी चप्पल शोधत होतं. अंतरपाट धरल्यावर कुणी तरी "गणपत, पंखा रे" म्हणत होतं. अक्षता पडताना पोरं रडत होती. दोन तास, आणि रिकामा एक क्षण नाही. नेत्राचे डोळे भरून आले.

"मागे घ्या," श्रीनिधी अचानक म्हणाला. "तिसरं अष्टक."

तिनं मागे घेतलं. तिसऱ्या अष्टकात बाळाचार्य अडखळले होते. शब्द विसरले. सगळा हॉल श्वास रोखून थांबला, पोरंसुद्धा. म्हाताऱ्यानं मान वळवून मागे उभ्या असलेल्या वेणूबाईंकडे पाहिलं. त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग वेणूबाईंचे ओठ हलले, आणि आचार्य पुढे म्हणू लागले.

मधे नुसती जनरेटरची घरघर, एक सेकंद आणि आणखी थोडं… नेत्रानं मोजलं. पावणेदोन.

श्रीनिधीही मोजत होता. तिनं तेवढाच तुकडा टूलला दिला.

फ्लॉपी नव्हे, कॅसेट

अळणावरच्या पडवीत वेणूबाईंनी वॉकमनचा हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. आवाज थोडा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला होता, पण घरघर नव्हती. आवाज आचार्यांचा होता. वेणूबाई डोळे मिटून डोलत होत्या. तिसऱ्या अष्टकाला थांबल्या. हसल्या.

"विसरले ते ठेवलंस होय गं? कापलं नाहीस?"

नेत्रा कानाशी वाकली. "ते होतं म्हणून बाकीचं ऐकू आलं, अज्जी."

"मला शब्द येत होते तेव्हा," वेणूबाई सहज म्हणाल्या. "लगेच सांगता आले असते. पण म्हटलं, बघू देत जरा माझ्याकडे. लग्नाच्या गडबडीत चार दिवस बघितलं नव्हतं." मग श्रीनिधीकडे बोट करून, "हा कोण?"

नेत्रानं त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता, कान लाल.

"हा उशीर करणारा," ती मोठ्यानं म्हणाली.

"इरली बिडु," वेणूबाई कानडीत म्हणाल्या, राहू दे, सोड; आणि त्यांनी कॅसेट पहिल्यापासून लावायला सांगितलं.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनाच्या बाकावर दोघांच्या मधे नेत्राची छत्री होती. मग नेत्रानं ती उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

"तीन फ्लॉप्या राहिल्यात तुमच्याकडे," ती म्हणाली. "चार, पाच, सहा."

"सीडीत सगळं आलं की."

"तरी."

तो काही बोलला नाही. एक सेकंद, दीड, पावणेदोन… नेत्रानं त्याला शब्द सुचवला नाही. बघू दे जरा.

"रोज एक?" त्यानं शेवटी विचारलं.

"रोज एक," ती म्हणाली. "रविवारीसुद्धा. आणि मोर पाहिजे."