ओट्यावर बसलेला

रणधीर, थांब रे, चहा नंतर. आधी विऱ्याचं काय झालं ते ऐक. अजून धड जेवत नाहीय तो.

आपल्या विरेशकडं ते हातात मावणारं यंत्र आहे ना, लिनक्सवर चालणारं? दिसतं गेमच्या खेळण्यासारखं, पण त्यात तो जुन्या जमान्यातल्या कॉम्प्युटरचं सोंग उभं करतो. एम्युलेटर म्हणतात त्याला. टीव्हीला जोडायचे नि कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवायचे, तसले कॉम्प्युटर. लई याड त्याला त्याचं.

तर रविवारी हा लोहाऱ्याला गेला, पार्वतम्मा आत्याकडं. वडिलांची थोरली बहीण, घरात एकटीच. तिचा पोरगा शिवपुत्र सोलापुरात शिकायला असताना काविळीनं वारला, विऱ्या जन्मायच्याही आधी. त्याचा कॉम्प्युटर बापानं कधीच भंगारात घातला. एक कॅसेट तेवढी आत्यानं देव्हाऱ्यात जपलेली. त्या काळी पोरं कॅसेटवर प्रोग्रॅम भरण्याआधी स्वतःच्या आवाजात त्याचं नाव बोलून ठेवायची, म्हणजे नंतर सापडायला बरं. आत्याला तेवढंच पाहिजे होतं.

"वाजंल का रे, इरू?"

"वाजवतो की, आत्या. प्रोग्रॅमपण चालवून दाखवतो."

"प्रोग्राम तुझा तू घाल खड्ड्यात. मला पोराचा आवाज काढून दे."

ऊन उतरत होतं. विऱ्यानं टेपरेकॉर्डरला वायर लावून सगळी कॅसेट यंत्रात उतरवून घेतली. आधी नुसती खरखर. मग पोरसवदा, जरा लाजरा आवाज... "अव्वा... नम्म मनी." आई, आपलं घर. आणि लगेच पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी किंकाळी. ती प्रोग्रॅमची, कॅसेटवर तो आवाज म्हणूनच भरलेला असतो. आत्यानं पदर तोंडाला लावला तो काढलाच नाही.

विऱ्यानं प्रोग्रॅम चालू केला. काळ्या स्क्रीनवर हिरव्या रेघा सावकाश उमटायला लागल्या. भिंत, दार, ओटा, अंगणातला लिंब. लिंबाखाली चौकोनी ठिपक्यांचा एक माणूस.

"आमचंच घर की रे हे!" आत्या हरखली.

विऱ्या पण हसत होता. मग त्याला ओट्याशेजारी दोन चाकं दिसली. वर लाल ठिपका. सगळं चित्र हिरवं नि तेवढीच टाकी लाल.

"आत्या, तिथं त्या वेळी गाडी होती कुणाची?"

"गाडी कुठली? सायकलबी न्हवती आमच्याकडं."

विऱ्याची लाल गाडी बाहेर बरोब्बर तिथंच उभी होती. दुपारीच लावलेली.

त्यानं यंत्र बंद केलं. पुन्हा चालू केलं. आता बघ, ती फाइल नुसती वाचली जाते, तिच्यात काही लिहिलं जात नाही. म्हणजे दरवेळी सगळं पहिल्यापासून व्हायला पाहिजे. पण माणूस लिंबाखाली नव्हता. पायरीपाशी होता. विऱ्यानं परत बंद केलं, परत लावलं... तर माणूस ओट्यावर बसलेला. मांडी घालून, पाठ ताठ.

आत्याचा आवाज एकदम खाली आला. "असाच बसवला होता त्याला..."

तुला माहितीय, त्यांच्या लिंगायतांत मयताला बसवूनच पुरतात.

"दवाखान्यातनं जीपनं आणला. बाहेर गेलेला जीव, म्हणून उंबऱ्याच्या आत घेऊ दिला न्हाय कुणी. माझा जीव तळमळला, पण कोण ऐकतंय? ओट्यावरच बसवला आन् तिथनंच नेला."

तेवढ्यात चित्राखाली इंग्रजी अक्षरांत कानडी शब्द उमटले. विऱ्याला कानडी तुटकच येतं, तो एकेक अक्षर जुळवत वाचायला लागला. "ओळगं... बर्ला..."

"आत येऊ का, म्हणतोय," आत्या म्हणाली.

खाली दोनच पर्याय. वाय, नाहीतर एन.

"व्हय म्हण. दाब."

"आत्या, अहो मशीन आहे ही..."

"मग भितोस कशाला? मला ती बारकी बटणं दिसंनात, न्हायतर तुला कोण विचारतंय? दाब रे बाळा."

ओट्याकडून वास आला. विभूतीचा, आणि नुकत्या उकरलेल्या मातीचा. दार नुसतं लोटलेलं होतं. त्याच्या पलीकडं फरशीवर काहीतरी सरकलं... बसलेलं माणूस जरा पुढं सरकतं ना, तसं.

विऱ्यानं एन दाबलं.

स्क्रीनवरच्या माणसाची मान खाली गेली. आत्या म्हणाली, "तूपण त्यांच्यातलाच निघालास."

विऱ्यानं मागच्या दारानं जाऊन, ओट्याकडं न बघता गाडी काढली, ते थेट धाराशिव.

काल संध्याकाळी आत्याचा फोन. आवाजात राग नाही, काही नाही.

"इरू, ओटा मोकळा झाला रे. मघाशी उठला तो. ज्यानं न्हाय म्हटलं त्यालाच विचारायला गेला असंल."

विऱ्यानं घाईघाईनं यंत्र लावलं. हिरव्या रेघा उमटल्या, पण घर आत्याचं नव्हतं. उंच इमारत, बाहेरून लोखंडी जिना, वर पाण्याची टाकी. विऱ्याची खोली आहे तीच. आणि जिन्यात, दाराला लागून असलेल्या पायरीवर, मांडी घालून बसलेला तोच माणूस. खाली तोच प्रश्न.

तेव्हापासून यंत्र बंद केलेलं नाही त्यानं. बंद केलं की तो पुढं येतो ना! चार्जरला लावून समोर बसलाय. एन म्हणायची छाती नाही, आणि वाय म्हटलं तर आत कोण येणार... आत्याचा पोरगा, का दुसरंच काही? त्यात आज सकाळपासून लाइट ये-जा करतेय, बॅटरी पार खाली आलीय.

मी मघाशी डबा घेऊन गेलो होतो. दार वाजवलं, नाव सांगितलं. विऱ्या आतून बारीक आवाजात म्हणाला, "तू ये... पण तुझ्या मागं बसलाय त्याला आधी खाली ने."

मी वळून बघितलं. जिना रिकामा होता रे. पायरीवर विभूतीची तीन बोटं उमटलेली होती. ओली.

डबा तिथंच ठेवून आलोय मी. आता खरं सांग, रणधीर, विऱ्याच्या जागी तू असतास तर काय दाबलं असतंस?