चाळीस दिवसांचे अक्रोड

वाटी पुढे आली आणि सासऱ्यांनी मनातल्या मनात ‘नको’ म्हटलं... ओठांवर मात्र आलं, “ठेव.”

चार अक्रोड. रात्रभर भिजवलेले, साल सोललेले. सोलून सोलून सुनेच्या बोटांची टोकं तपकिरी झाली होती. त्या बोटांना नको कसं म्हणायचं?

त्याआधीची दोन वर्षं:
मुलाने लग्न परस्पर ठरवलं म्हणून अर्ध्या गावाचे लग्नाचे कोट शिवणारा हा शिंपी स्वतःच्या मुलाच्या लग्नाला गेला नाही. सून घरात आली, पण तिच्याशी एक शब्द नाही. राग कधीच विरला होता. उरला होता तो नुसता ताठा, आणि तो मोडायचा कसा हे काही त्यांना उमगत नव्हतं...

मग रक्ताची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, चरबी वाढलीय, तळलेलं सोडा, रोज चार अक्रोड खा, हृदयाला चांगले. दुसऱ्या सकाळी सून वाटी घेऊन दुकानात हजर.

पहिल्याच घासाला जीभ खाजली. आठवड्याने घसा खवखवू लागला. ते पाण्याबरोबर गिळत राहिले, कारण वाटी संपेपर्यंत ती स्टुलावर बसायची, नवऱ्याच्या घोरण्याच्या नकला करायची, आणि काजं करता करता त्यांचं म्हातारं काळीज भरून यायचं...

चाळिसावा दिवस.
सुईत ओवायचा दोरा ते नेहमी ओठांत ओला करत. आज तो त्यांनी पाण्यात बुडवला. सुनेने ते पाहिलं. मग त्यांचे ओठ पाहिले. टम्म सुजलेले.

डॉक्टरांनी आधी इंजेक्शन दिलं, मग झापलं: लोकांना मानवतात, तुम्हाला नाही. पुन्हा खाल्लेत तर श्वास कोंडेल.

दवाखान्याच्या बाकावर ती रडत होती.

“बाबा, एकदा सांगायचं तरी!”

“सांगितलं असतं तर वाटी बंद झाली असती. मग तू कशाला आली असतीस दुकानात?”

जड जिभेने ते कसेबसे म्हणाले, “लग्नाला आलो नाही... चुकलं माझं.”

“एवढंच बोलायचं होतं, तर जीव कशाला पणाला लावलात?”

सासऱ्यांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला.

“ते सोपं होतं, पोरी.”