सातवं बटण

पहिल्या भेटीत तो तिला दिसलाच नाही, दिसले ते त्याचे बूट. कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्याखालून बाहेर आलेले. ती रिपोर्टमध्ये डोकं खुपसून चालत होती, आणि… अडखळली.

"चालताना खाली बघायची पद्धत आहे," पट्ट्याखालून आवाज आला.

"रस्त्यात पाय पसरून झोपायची नाहीये," ती म्हणाली.

तो सरपटत बाहेर आला. गालावर ग्रीसचा पट्टा, डोळ्यांत हसू. झालं… तिच्या काळजानं तिथंच एक ठोका चुकवला.

ती कारखान्यातली सेफ्टी इंजिनिअर, सगळ्यांत धाकटी. महिन्याभरात नोकरी कायम व्हायची होती. मशीनमध्ये कुणाचा हात सापडू नये, हे बघणं तिचं काम. आणि तिनं ते खरंच बघितलंय का, हे बघणं त्याचं. सगळे त्याला शंकेखोर म्हणायचे. त्याला म्हणे सूर्य उगवला तरी खात्री करावीशी वाटायची.

तिच्याबाबतीत मात्र शंकेखोराच्या शंका हळूहळू आटल्या. रोज चार वाजता दोघांचा चहा होऊ लागला. एकदा कपावरून तिच्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "तुमचा रिपोर्ट वाचला की निवांत वाटतं. तुम्ही लिहिलंय म्हणजे ते झालंय."

दुसरी कुणी लाजून लाल झाली असती. हीसुद्धा लाल झाली, पण शरमेनं.

कारण पत्रा दाबून आकार देणाऱ्या नव्या प्रेसला सात लाल बटणं होती. कुठलंही दाबलं की मशीन जागच्या जागी थांबायला हवं. आदल्या आठवड्यातल्या तपासणीत सहा तिनं दाबली. सातवं मागच्या बाजूला, खाली, तेलाच्या थारोळ्यात आडवं पडल्याशिवाय हात न पोचणारं. आणि त्या दिवशी तिनं नवाकोरा पांढरा शर्ट घातला होता. कुणासाठी, ते सांगायला नको. घड्याळात पावणेचार वाजले होते. सहा चालतात, सातव्याला काय धाड भरलीये… असं म्हणून तिनं सातव्यापुढंही 'तपासलं' लिहून टाकलं.

घरी आई शेजारणीला सांगत होती, आमची पोरगी लोकांचे हात वाचवते हो. तिनं ताट बाजूला सारलं.

सोमवारी प्रेस सुरू होणार होती. शनिवारी दुपारी ती जुन्या शर्टात तिथं गेली आणि प्रेसवर काम करणाऱ्या मावशींना मशीन रिकामं चालवायला सांगितलं. तेलात आडवी झाली. बटण दाबलं. वर धाड, धाड, धाड… प्रेस चालूच.

"दाबलंस का गं?" मावशींनी विचारलं.

"दाबलं, मावशी."

मावशींनी समोरच्या बटणानं मशीन बंद केलं. मग दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

तशीच तेलकट ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. अगदी शर्टासकट. तो चिडेल, तोंड फिरवेल असं तिला वाटलं होतं. पण त्याचाच चेहरा उतरला.

"त्या रिपोर्टवर माझीही सही आहे," तो म्हणाला. "सगळ्यांची बटणं मी पुन्हा दाबून बघतो. तुझी… नाही बघितली. तुझं नाव दिसलं, आणि मी हसत बसलो."

पहिल्यांदाच तो 'तू' म्हणाला होता, आणि दोघांनाही मान वर करवत नव्हती.

दोघं मिळून कारखान्याच्या मॅनेजर मॅडमच्या खोलीत गेले. मॅडमनी ऐकून घेतलं, प्रेसला कुलूप घालायला लावलं, तिचं कायम होणं सहा महिने पुढं ढकललं आणि त्याच्या हातात लेखी ताकीद ठेवली. ते दोघांनी खालमानेनं घेतलं.

"आणखी एक, मॅडम," तो म्हणाला. "यापुढं हिचं काम मी तपासणार नाही. दुसऱ्या कुणाला द्या."

"कारण काय लिहू?"

तो बुटांकडे बघू लागला. कान लालबुंद. "मला… तिचं सगळं बरोबरच वाटतं."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तुझं काय म्हणणं?"

केसांतून तेल ओघळत होतं. पण या वेळी तिनं नजर चुकवली नाही.

"माझ्याकडूनही तेच लिहा, मॅडम. हे मी तपासून सांगतेय."